अठरा पाठांतल्या अठरा लबाड्या

यूसुफ, उद्या तू गेल्याचा चाळिसावा दिवस. तुझ्या अब्बांनी, म्हणजे माझ्या चाचांनी, सकाळीच निरोप पाठवला, जेवायला यायचं आणि रिकाम्या हातानं यायचं. मी येणार आहे. पण त्याआधी तुला दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत आणि एक बातमी द्यायची आहे. बातमी आधी देतो, कारण ती पोटात ठेवून मला जेवण जाणार नाही. हेडमास्तरांचं नाक कापलं गेलं. परवा, भर सभेत, इन्स्पेक्टरसाहेबांच्या समोर. तू असतास तर मला शिव्या दिल्या असत्यास. म्हणून तर तू नसताना केलं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक हात जोडून लिहितात. माझे हात अजून जोडले जात नाहीत, त्यांच्या मुठी वळलेल्या आहेत. तुला माती देताना तीन मुठी टाकायच्या असतात हे मला शेजारच्या माणसानं हळूच सांगितलं. मी तीन टाकल्या. चौथी मूठ भरली होती, ती तशीच धरून मी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर आलो. ती कोणावर टाकायची हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

आपण दोघं एका बाकावरचे. तू पुस्तकं बांधणाऱ्या जिल्दसाजाचा पोरगा, मी कुणब्याचा. मॅट्रिकला मी गणितात पास झालो तो तुझ्या जिवावर. तू अमरावतीला गेलास, इंटरचं एक वर्ष केलंस, आणि चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ट्रंक उचलून सर्व्हिस मोटरनं चिखलीला परत आलास. ट्रंकेत कपडे कमी आणि वह्या जास्त होत्या. मी विचारलं, "आता काय करशील?" तर म्हणालास, "पुस्तकं बांधन. वाचू नाही देत तं बांधू तं देतीन." मी शाळेत कारकून झालो, तू दुकानात बसलास. त्यावर आपण कधी रडगाणं केलं नाही.

पण अमरावतीची एक गोष्ट तुझ्या मनातून जात नव्हती. इथून मॅट्रिक होऊन गेलेली आपल्याकडची हुशार पोरं तिथल्या गणिताच्या तासाला बुजतात. प्रोफेसर इंग्रजीत बोलतात, फळा भरतात, पुसतात, पुन्हा भरतात. पोरं मान खाली घालून उतरवत राहतात आणि सहा महिन्यांनी गणित सोडून दुसरा विषय घेतात. तू म्हणायचास, ही पोरं मठ्ठ नाहीत, त्यांची त्या गणिताशी कोणी ओळखच करून दिलेली नाही. मग तू ती ओळख करून द्यायला बसलास. मॅट्रिकचा निकाल लागला की कॉलेज उघडेपर्यंत, तुझ्या दुकानाच्या ओट्यावर, रोज दुपारी. फळा नाही, बाक नाही. तुझा हात एकीकडे छापील कागदांचे फर्मे दुमडतोय आणि तोंड दुसरीकडे बीजगणित सांगतंय. डब्यातल्या खळीचा वास पोरांच्या वह्यांना लागायचा. त्यांना कापून उरलेले कागदाचे चौकोनी तुकडे तू वाटायचास आणि त्यावरच लिहायला लावायचास.

पहिला दिवस मी दरवर्षी बघायला यायचो, शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून. तू प्रत्येकाच्या हातात एक चौकोनी कागद द्यायचास. म्हणायचास, हे आपलं चौरस वावर. बाजू दहा काठ्या. शेजारच्यानं जमीन विकली, आपण घेतली, वावर दोन अंगांनी दोन-दोन काठ्या वाढलं, चौरसच राहिलं. आता क्षेत्र किती? मग तूच सांगायचास, दहाचा वर्ग शंभर, दोनाचा वर्ग चार, मिळून एकशे चार. पोरं लिहून घ्यायची. अ अधिक ब, त्याचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग. सुंदर अक्षरात, खाली दोन रेघा मारून. तू खळ ढवळत बसायचास. बराच वेळ गेला की मान वर न करता म्हणायचास,

"पोट्टेहो, ह्या पाठात एक लबाडी हाये. मी आत्ताच तुमच्याशी लबाड बोललो. कोन पकडते?"

त्या वेळी पोरांचे चेहरे बघावेत. मास्तर लबाड बोलतो हे त्यांनी जन्मात ऐकलेलं नसायचं. कोणी हसायचं, कोणी घाबरायचं. मग एखादा बाराला बारानं गुणून बघायचा, एकशे चव्वेचाळीस यायचे, आणि त्याचं तोंड उघडंच राहायचं. तू म्हणायचास, कागद दुमडा. दोन अंगांनी दुमडून उघडला की मोठा चौकोन, लहान चौकोन, आणि त्यांच्या बाजूला दोन लांब पट्ट्या. "ह्या दोन पट्ट्या कोनं चोरल्या?" तू विचारायचास. "म्या चोरल्या. अन् तुम्ही पोलिसासारखे बसून लिहून घेतलं."

रोज एक पाठ, रोज एक लबाडी, आणि पकडल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. असे अठरा पाठ. कुठं दोन्ही बाजूंना क्षनं भागून शून्य हे उत्तर गायब केलेलं, कुठं क्षचा वर्ग एकोणपन्नास असताना क्ष नुसता सात सांगून वजा सात गिळलेलं. अठराव्या दिवशी पोरं अशी तयार व्हायची की तू पाणी मागितलंस तरी संशयानं बघायची.

यावरून आपलं भांडण होतं आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणायचो, तू शिकवायला बसतोस की फसवायला? पोरांच्या डोक्यात चूकच आधी शिरते, आणि आधी शिरलेलं निघत नाही. तू म्हणायचास,

"सुख्या, उतरवनं त्यायले येते. शाळेत दहा वर्षं तेच केलं. शक करनं येत नाही. तिथी फळ्यावर लिहिलेलं सारं खरं समजून बसतीन, अन् जिथी समजलं नाही तिथी सोताले येडं समजतीन."

मी म्हणालो, "आणि एखाद्या दिवशी कोणी पकडलीच नाही तर?"

"तं म्या कायले बसलो हावो?"

 ह्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. तू बसलेला नसलास तर काय होतं, ते मी ह्या उन्हाळ्यात पाहिलं.

तुझी एकच इच्छा होती. हा वर्ग शाळेत भरावा, फळ्यासमोर, बाकांवर, सगळ्या गावच्या पोरांसाठी. तू ती बोलून दाखवत नव्हतास, पण शाळेवरून जाताना तुझी मान त्या बाजूला वळायची. म्हणून मी तुझी अठरा पाठांची वही मागितली. तू आढेवेढे घेतलेस. "हेडमास्तरले दाखवून काय होईन? त्याले मी खळ लावताना दिसतो, बाकी काही दिसत नाही." मी म्हणालो, वही बघितली की दिसेल. तू दिलीस. यूसुफ, ही माझी पहिली कबुली. तू नको म्हणत होतास, मी हट्टानं नेली. माझ्या ह्या हातांनी ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

हेडमास्तर पुण्याकडचे, तुला माहीतच आहे. आपली पोरं "मले" म्हणाली की कपाळाला आठी घालणारे. त्यांनी वही आठ दिवस ठेवून घेतली आणि मला बोलावलं. वहीभर लाल पेन्सिल फिरली होती.  वाटलं, सगळ्या लबाड्या पकडल्या, आता तुझ्या पद्धतीची थट्टा होणार. जवळ जाऊन पाहतो तो लाल पेन्सिल "वावर" या शब्दावर होती. "धुरा" वर होती. "मंग" वर, "कोठी" वर.

"अहो सुखदेवराव, हे काय लिहिलंय? वावर म्हणजे काय? शेत म्हणा. तुमच्याकडच्या लोकांना भाषेचं वळणच नाही. बाकी मजकूर ठीक आहे, उपयोगी आहे. ही भाषा नीट करून एक स्वच्छ प्रत काढा. छापायला देऊ."

पाहिलंस? अठरा पाठ, अठरा लबाड्या, एकीलाही लाल पेन्सिल लागलेली नाही. गणितही शिकवणाऱ्या त्या माणसाला आपलं वावर खुपलं आणि वावरातल्या चोरलेल्या पट्ट्या दिसल्या नाहीत.

आणि मी मूर्ख, मी खूष झालो. छापायला देऊ म्हणाले ना! शाळा सुटल्यावर तास-दीड तास कचेरीत बसून मी प्रत काढली. माझं अक्षर तुला आवडायचं, म्हणून जीव ओतून लिहिलं. वावराचं शेत केलं, धुऱ्याचा बांध केला. लबाड्या तशाच ठेवल्या, एकेक, मुद्दाम, कारण त्या तुझ्या होत्या. वर्गात समोर बसून तू त्या पकडायला लावशील असं मी धरून चाललो होतो. प्रत खामगावच्या छापखान्याला गेली. तुला मी काहीच सांगितलं नव्हतं. पुस्तक हातात ठेवून तुला चाट पाडायचं असं ठरवलं होतं.

मग तुला ताप आला. आधी साधा, मग मुदतीचा. आणि त्याच आठवड्यात छापखान्याकडून पहिल्या पानांचा कच्चा छाप टपालानं आला. टपाल मीच फोडतो. पुस्तकाचं नाव, त्याखाली हेडमास्तरांचं नाव, त्यांच्या पदव्या, आणि दोन पानांची त्यांची प्रस्तावना. "दीर्घ अनुभवातून सिद्ध झालेली पाठमाला." तुझं नाव कुठंच नव्हतं. छापखान्याच्या पत्त्याखाली एका ओळीत कारकुनाचे, म्हणजे माझे, सुवाच्य प्रतीबद्दल आभार होते. मी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले,

"अहो, जिल्दसाजाच्या नावानं पुस्तक कोण घेईल? आणि त्यातली भाषा कोणी सुधारली? मी ना?"

मी तुझ्याकडे आलो आणि सगळं ओकलो. तू खाटेवर उशीला टेकून होतास, ओठ वाळलेले. सगळं ऐकून तू एकच विचारलंस. "लबाड्या काढल्या का त्यानं?"

"नाही. शेत केलं फक्त."

तू हसलास. असा हसलास की चाची आतून धावत आल्या. तुला ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. मला वाटलं, चला, आता दोघं मिळून त्या माणसाला धडा शिकवू. पण हसू ओसरल्यावर तुझा चेहरा उतरला. "सुख्या, पोट्ट्यायचं काय होईन बे? ते तं तसंच पाठ करतीन." आणि लगेच म्हणालास, कागद घे.

तू सांगत गेलास आणि मी लिहीत गेलो. हेडमास्तरसाहेबांना यूसुफ जिल्दसाजाचा सलाम. पुस्तकात अठरा ठिकाणी चूक जाणून ठेवलेली आहे, छापण्याआधी दुरुस्त व्हावी. मग पाठवार यादी, एकही पान न बघता, तापात. पहिल्या पाठाला तू लिहायला लावलंस की कागद दुमडून पाहावा, दोन पट्ट्या सापडतात. शेवटी म्हणालास, "लिही. पुस्तकावर नाव तुमचं राह्यलं तरी माही काही हरकत नाही, पोरं तेवढी बरोबर शिकली पाह्यजेत."

मी टाक खाली ठेवला. म्हणालो, ही ओळ मी लिहिणार नाही. चोराला तू पावती देतोस.

"लिही बे. कारकून हायेस ना? जे सांगतलं ते लिही."

मी लिहिली. तू सही केलीस, खाली उतरत गेलेली. मी पत्र खिशात घातलं, शाळेपर्यंत गेलो. हेडमास्तर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, लाल पेन्सिल कानावर, समोर कोणाची तरी वही. मी त्यांच्यासमोरून गेलो आणि कचेरीत जाऊन पत्र माझ्या डब्यात ठेवलं. संध्याकाळी तू विचारलंस, दिली का चिठ्ठी?

"दिली."

"काय म्हनले?"

"ठीक आहे म्हणाले. दुरुस्त करतो म्हणाले."

ही माझी दुसरी कबुली. तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. मग कूस बदललीस आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "एका पाठात एकच लबाडी, सुख्या." मी तेव्हापासून त्याचा अर्थ लावतोय. तुला कळलं होतं का? कळलं होतं तर तू दुसऱ्या कोणाला का नाही पाठवलंस? की मला मोकळं सोडलंस? तिसऱ्या दिवशी तू गेलास आणि हे विचारायचं राहून गेलं.

मी पत्र का दिलं नाही, हे वेगळं सांगायला नको. मला ते पुस्तक चुकांसकट छापून यायला हवं होतं. मला त्या माणसाला त्याच्याच छापील अक्षरांत बुडवायचं होतं. पोरांचं काय, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला आणि मी तो बाजूला सारला. तुझ्याइतका चांगला मी कधीच नव्हतो आणि तुझ्या चांगुलपणाचा मला तेव्हाही राग आला होता, आताही येतो.

तरी माझं मन डळमळत होतं. तू गेल्यावर दोनदा मी पत्र डब्यातून काढलं. पण मग खामगावहून छापलेल्या फर्म्यांचे गठ्ठे आले. बांधायला कुठं आले? गावात जिल्दसाज एकच. तुझ्याच दुकानात. हेडमास्तरांनी निर्लज्जपणे तिथंच पाठवले. चाचा नजर गेली तरी हातानं बांधतात, हे त्यांना ठाऊक होतं.

मी गेलो तेव्हा चाचा शिकंज्यात पुस्तकं दाबत होते. बोटांनी कडा चाचपत, पाठीला खळ लावत. मला पायाच्या आवाजावरून ओळखलं.

"सुखदेव, बरं झालं आला. हे यूसुफचं पुस्तक व्हय ना? चाची म्हने, त्याची वही छापून आली. लय बरं काम केलं शाळेनं." त्यांनी एक प्रत उघडली, ओली, खळीचा वास येणारी. उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "माहं बोट धर, अन् पोराच्या नावावर ठेव. मले दिसत नाही, पन कोन्या जागी हाये ते तं कळन."

यूसुफ, मी ते बोट धरलं. कागदानं कापल्याच्या बारीक खुणा असलेलं बोट. पहिल्या पानावर ते ठेवायला जागा नव्हती. मी पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि पहिल्या पाठावर ठेवलं, त्या चौरस वावरावर. "इथं, चाचा." त्यांनी हळूहळू बोट फिरवलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. "मोठं लिहिलं हो," म्हणाले.

त्या दिवशी माझी डळमळ संपली.

परवा उद्‌घाटन होतं. शाळेच्या सभागृहात, फळ्यासमोर, बाकांवर. इंटरला जाणाऱ्या पोरांना गणिताची ओळख करून देणारा वर्ग, जिल्ह्यात पहिलाच म्हणे. तुझी इच्छा शब्दाला शब्द पुरी झाली, फक्त तू नव्हतास. बुलढाण्याहून शाळाखात्याचे इन्स्पेक्टर आले होते. हार, पानसुपारी, प्रास्ताविक. मग हेडमास्तरांनी पुस्तक उघडून पहिला पाठ स्वतः घेतला. खडूनं चौरस काढला. "समजा, एक शेत आहे." मी कोपऱ्यात हजेरीपट घेऊन उभा होतो. बगलेत तुझी जुनी वही आणि खिशात तुझं पत्र. 

एकशे चार, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पोरांनी लिहून घेतलं. मी वाट पाहत होतो. तुझ्या जागी आता कोणीही "लबाडी हाये" म्हणणारं नव्हतं आणि मी ठरवलं होतं की ते पान उलटलं की मीच बोलायचं. पण माझ्या आधी मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. वडनेर भोलजीचा, इथं मामाकडं राहून शिकलेला. तुझ्या ओट्यावर तो कधीच आलेला नव्हता.

"सर, दोन बाजूच्या पट्ट्या कोठी गेल्या?"

"कोठी नाही. कुठे म्हणावं."

"हाव सर. मंग कुठे गेल्या? आमच्या बापानं असंच वावर वाढवलं. पट्ट्यायतही कपाशीची पऱ्हाटी हाये ना."

पोरं हसली. हेडमास्तर म्हणाले, "पुस्तकात आहे ते विचारपूर्वकच आहे. खाली बस." तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांनी हात पुढं करून पुस्तक मागितलं. आणि मी पुढं झालो.

मी म्हणालो, साहेब, या पुस्तकात प्रत्येक पाठात एक लबाडी आहे. लिहिणाऱ्यानं ती जाणून ठेवली आहे, पोरांनी पकडावी म्हणून. हेडमास्तरसाहेबांनी पुस्तक लिहिलं असेल तर त्यांना अठराच्या अठरा ठाऊक असतील. त्यांनी एक दाखवावी. कोणतीही.

 हेडमास्तरांनी पान उलटलं. दुसरं उलटलं. सातव्या पाठावर थांबले, बोट ओळीवरून फिरवत गेले, क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष, म्हणून क्ष बरोबर पाच, आणि बोट पुढं गेलं. ज्या ठिकाणी तू शून्य लपवलं होतंस तिथूनच पुढं गेलं. त्यांच्या कानामागची लाल पेन्सिल खाली पडली आणि कोणी उचलून दिली नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी ते पान आपल्याकडं वळवलं आणि म्हणाले, "अहो, इथं शून्य राहिलं की." मी हेडमास्तरांचा चेहरा डोळे भरून पाहिला. मला दया आली नाही. गोड वाटलं. ही जी चौथी मूठ मी आणली होती, ती तिथं रिकामी झाली.

मग मी तुझी वही टेबलावर ठेवली. तुझं अक्षर, त्यावर त्यांची लाल पेन्सिल, प्रत्येक वावरावर एक वर्तुळ. साहेबांनी ती चाळली आणि ठेवून घेण्यासाठी मागितली. मी म्हणालो, साहेब, माफ करा, इथंच बसून बघा. ही वही एकदा दिली होती. ते खुर्ची ओढून बसले. मग मी तुझं पत्र काढलं आणि उभ्या सभेला वाचून दाखवलं. सलाम, आणि एकामागून एक अठरा दुरुस्त्या. पोरं पुस्तकांत खुणा करत होती. पहिली दुरुस्ती ऐकून साहेबांनी प्रास्ताविकाचा कागद चौकोनी फाडला, दुमडला, उघडला, आणि पट्ट्या निघाल्या तशी मान हलवली. वडनेरच्या पोरानं विचारलं, "हे यूसुफ मास्तर कोठी राह्यतात?" तुला कोणीतरी मास्तर म्हणालं, यूसुफ, पहिल्यांदा, शाळेच्या छपराखाली. 

हेडमास्तर कालच्या मोटरनं रजेवर गेले. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल, पत्र दाबून ठेवल्याचा जाब मलाही द्यावा लागेलच. काल सकाळी सगळ्या प्रती दुकानात परत आल्या. चाचांना मी खरं सांगितलं. ते ऐकून त्यांनी हात पुढं केला, म्हणाले, "सुरी दे." एकेका पुस्तकाचं पहिलं पान आणि प्रस्तावनेचं पान त्यांनी अंदाजानं कापून काढलं, सरळ, एक धागा न तुटता. मी कोऱ्या कागदावर तुझं नाव लिहीत गेलो, ठळक, काळ्या शाईनं, आणि ते चिकटवत गेले. शेतावर काट मारून वावर केलं. लबाड्यांना हात लावला नाही. त्या काय आहेत ते आता पोरांना माहीत आहे. पहिली प्रत झाल्यावर मी न सांगता चाचांचं बोट धरलं आणि तुझ्या नावावर ठेवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. त्यांनी ती पुसली नाही.

सूड पुरा झाला, असं मी म्हणेन. पण तुझ्यापुढं एक गोष्ट लपवून चालणार नाही, कारण तुझ्यापुढं लपत नाही. सभेत मी पत्र वाचत वाचत शेवटच्या ओळीपाशी आलो. पुस्तकावर नाव तुमचं राह्यलं तरी. सगळी सभा माझ्याकडे बघत होती आणि हेडमास्तर समोर घाम पुसत बसले होते. त्या एका ओळीनं ते सुटले असते. तू त्यांना सोडलंच होतंस. मी कागदाची घडी घातली. साहेबांनी विचारलं, "एवढंच आहे?"

"एवढंच आहे, साहेब."

एका पाठात एकच, यूसुफ. ही माझी.